प्रार्थना करूनही मन शांत होत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय, नोकरी गेली, आई आजारी आहे आणि प्रार्थनेला बसलं की उलट रागच येतो. मग त्या रागाचीच प्रार्थना करा. खरंच. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र उघडा, जेमतेम सहा वचनं आहेत. सुरुवातीलाच 'किती काळ?' हा प्रश्न चारदा येतो. भरवशाची भाषा येते ती पाचव्या वचनात. ८८वं तर अंधारातच संपतं, तरी कॅथलिक चर्चने ते शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलंय. वधस्तंभावर येशूने फोडलेला टाहोही २२व्या स्तोत्रातलाच.

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, शांतीविषयी लिहिलं ते बेड्यांत असताना. चिंता गिळून टाका असं तो म्हणत नाही, देवाला सांगा म्हणतो, तेही आभार मानत. (आभाराचा भाग मला अजून जड जातो.)

बाबा आयसीयूत होते तेव्हा माझ्याकडून अख्खी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, व्हायची नाही. बाहेरच्या बाकावर बसून खिशातल्या माळेचा एकच मणी चिमटीत धरायचो. झोप लागायची नाही, पण हातांची थरथर थांबायची.

तुमची झोप-जेवण उडालं असेल तर फादरांशी बोला, पण डॉक्टरकडेही जा.