बटरवर्थ की लिंकविट्झ-रायली: १२ इंची वूफर आणि हॉर्नच्या बॉक्ससाठी काय लावावे?

आपला प्रश्न मी असा समजलो: १२ इंची वूफर आणि १ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा हॉर्न असलेले बॉक्स आपण वेगवेगळ्या अँप्लिफायरवर चालवता, प्रोसेसरमध्ये दोन्ही बाजूंना १६०० हर्ट्झवर ‘बटरवर्थ २४’ (म्हणजे दर सप्तकाला २४ डीबी कापणारा बटरवर्थ जातीचा फिल्टर) लावले आहे आणि भजनाच्या कार्यक्रमात गायिकेचा वरचा सूर व पेटी दोन्ही टोचतात. इक्वलायझरने १६०० खाली घेतले की समोरच्या रांगांत बरे वाटते, पण वर गॅलरीत आवाज पोकळ होतो. मला यात ड्रायव्हरचा दोष दिसत नाही. फिल्टरची निवड बदलावी लागेल.

बटरवर्थ फिल्टर क्रॉसओव्हरच्या बिंदूवर, म्हणजे वूफर आपले काम हॉर्नकडे सोपवतो त्या वारंवारतेवर, ३ डीबी खाली असतो, मग तो १२ चा असो, १८ चा किंवा २४ चा. मात्र त्या बिंदूवर वूफर आणि हॉर्न यांच्यातला फेजचा कोन (दोघांच्या लहरी एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते) प्रत्येक स्लोपला, म्हणजे कापण्याच्या उताराला, वेगळा असतो आणि बेरीज त्या कोनावर ठरते. १२ च्या स्लोपला हा कोन १८० अंश असल्यामुळे दोघे एकमेकांना खोडतात आणि तिथे खड्डा पडतो. एकाची पोलॅरिटी उलटवली (अधिक-उणे टोके अदलाबदल केली) तर खड्ड्याच्या जागी ३ डीबीचा उंचवटा येतो. १८ ला कोन ९० अंशांचा असतो, त्यामुळे बेरीज सपाट येते, पण आवाजाचा मुख्य झोत सरळ समोर न जाता वर किंवा खाली कलतो. २४ ला ३६० अंश, म्हणजे दोघे एकाच फेजमध्ये, म्हणून पुन्हा ३ डीबीचा उंचवटा. आपल्याला टोचतो तो हाच. गॅलरीच्या कोनात वूफर आणि हॉर्न यांची बेरीज तशी पूर्ण होतच नाही, त्यामुळे इक्वलायझरने कापलेले तिथे उणे पडते.

ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७० च्या दशकात यावर जो उपाय मांडला तो अगदी साधा आहे: १२ चे दोन बटरवर्थ एकामागोमाग जोडायचे. प्रत्येक बाजू ६ डीबी खाली येते, फेज एकच राहते आणि समान फेजमधल्या दोन सारख्या आवाजांची बेरीज ६ डीबीने वाढत असल्यामुळे उत्तर सपाट मिळते. आपल्या बॉक्ससाठी मी निःशंकपणे लिंकविट्झ-रायली २४ सुचवेन.

लिंकविट्झ-रायली १२ सुद्धा एकाची पोलॅरिटी उलटवून सपाट येतो, पण हॉर्नच्या ड्रायव्हरसाठी मी तो टाळतो. तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर डायफ्रामला (ड्रायव्हरमधल्या हलणाऱ्या पातळ पडद्याला) ढोबळमानाने चौपट हलावे लागते, म्हणजे १२ डीबी. हा फिल्टर ८०० हर्ट्झला फक्त १४ डीबी कापतो, त्यामुळे डायफ्रामची हालचाल जवळजवळ तेवढीच राहते. २४ चा फिल्टर तिथे साडेचोवीस डीबी कापतो. महागडा डायफ्राम अशा ठिकाणी वाचतो. ४८ चा स्लोप संरक्षण आणखी देतो, पण वूफरकडून हॉर्नकडे जाणारा बदल फार अरुंद पट्ट्यात उरकतो, आणि दोघांचा पसरण्याचा कोन जुळत नसेल तर बाजूला बसलेल्यांना तो जोड ऐकू येतो. बेसेल या आणखी एका फिल्टरचे नाव आकर्षक आहे, परंतु त्याची बेरीज आपोआप सपाट येत नाही आणि कटऑफची (फिल्टर कापायला लागतो त्या वारंवारतेची) व्याख्याही सगळ्या प्रोसेसरमध्ये एकसारखी नसते. मोजण्याची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

हे सगळे गणित दोन्ही आवाज एकाच वेळी निघतात असे धरून चालते. प्रत्यक्षात हॉर्नचा ड्रायव्हर बहुधा वूफरच्या मागे असतो. १७ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे अर्धा मिलिसेकंद, आणि १६०० हर्ट्झची लहर जेमतेम साडेएकवीस सेंटिमीटरची. तेव्हा आधी टेपने अंतर मोजून तेवढा डिले (आवाजाला मुद्दाम दिलेला उशीर) वूफरला द्यावा. मग हॉर्नची पोलॅरिटी मुद्दाम उलटवावी, मोजणीचा माइक श्रोत्यांच्या दिशेने दोन-तीन मीटरवर ठेवावा आणि १६०० वरचा खड्डा सर्वांत खोल होईपर्यंत डिले थोडा थोडा बदलावा. माझ्या एका बॉक्समध्ये ०.४२ मिलिसेकंदाला खड्डा जेमतेम ८ डीबीचा होता, ०.५० ला तो २६ डीबी खोल आणि दोन्ही बाजूंना सारखा झाला. त्यानंतर पोलॅरिटी पूर्ववत केली की जोड लागतो. टेपचे माप सोडून केवळ खड्डा शोधत गेलात तर पूर्ण एक लहर, म्हणजे ०.६२५ मिलिसेकंद, चुकूनही तसाच खोल खड्डा मिळतो. तो एका अंगाला कललेला दिसला तर आपण चुकीच्या लहरीवर आहोत असे समजून परत टेपच्या आकड्यापासून सुरुवात करावी.