अटलांटिस नाही, पण हेलिके होतं

प्रश्न : अटलांटिससारखं प्रचंड बेट एका दिवस-रात्रीत समुद्रात गडप होऊ शकतं का? की बुडालेल्या नगरांच्या सगळ्या कथा कल्पितच?

उत्तर : खंडाएवढं बेट असं बुडत नाही. खंडांचे खडक महासागरतळाच्या खडकांपेक्षा हलके असतात, खालच्या जड थरावर ते तरून राहतात. अटलांटिसची गोष्ट ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने सांगितली; त्याच्या आधीचा एकही उल्लेख मिळत नाही. माझ्या मते ती सत्तेच्या मदावर त्याने रचलेली बोधकथा आहे.

शहरं मात्र बुडतात. भूशास्त्र शिकवताना मी नेहमी हेलिकेपासून सुरुवात करत आले. इ.स.पू. ३७३ च्या हिवाळ्यात ग्रीसमधलं, कोरिंथच्या आखाताकाठचं हे नगर रात्रीच्या भूकंपात कोसळलं आणि पाण्याखाली गेलं. प्लेटो तेव्हा हयात होता! पुढे ग्रीक विद्वान एराटोस्थेनिस तिथे गेला, तेव्हा नावाड्यांनी त्याला सांगितलं की पाण्यात समुद्रदेव पोसायडनचा कांस्यपुतळा उभा आहे आणि कोळ्यांच्या जाळ्यांना त्याचा धोका आहे. विसाव्या शतकात कोरिंथच्या आखातात पुष्कळ शोध झाला, पण व्यर्थ. दोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर या संशोधकांनी वेगळा विचार केला : नगर बुडालं ते किनाऱ्यालगतच्या खाजणात, आणि ते खाजण पुढे नद्यांच्या गाळाने भरून गेलं. २००१ मध्ये अवशेष मिळाले ते जमिनीवर, खाजणाच्या जुन्या गाळाखाली. नावाडी सांगत होते त्यात तथ्य होतं, याचा मला आजही फार आनंद वाटतो.

असं होतं कसं? पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, भार पाण्यावर येतो आणि जमीन पातळ चिखलासारखी वाहू लागते. ७ जून १६९२ रोजी जमैकातल्या पोर्ट रॉयलचा मोठा भाग असाच काही मिनिटांत खचला.

दुसरी तऱ्हा संथ. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. बर्फ वितळलं तशी ब्रिटनला युरोपशी जोडणारी डॉगरलँडची भूमी पाण्याखाली गेली. १९३१ मध्ये एका मासेमारी ट्रॉलरच्या जाळ्यात पीटचं (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं) ढेकूळ आलं, त्यात शिंगाचं कोरलेलं काटेरी टोक होतं.

म्हणून नव्या 'बुडालेल्या नगरा'ची बातमी आली, की वस्तू जागच्या थरात मिळाली की तळ उपसून काढलेल्या ढिगात, हे आधी पाहा. ढिगातल्या लाकडाच्या तुकड्याचं वय मोजता येतं, पण त्यावरून तिथे नगर होतं असं ठरत नाही.