वहीतलं उत्तर आणि मनातलं उत्तर

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलं शांत बसतात, वह्या पूर्ण असतात, विचारलं की उत्तरही येतं, पण चेहऱ्यावर काही उमटत नाही, असं तू लिहिलं आहेस. हे तुझ्या ध्यानात आलं याचंच मला समाधान वाटलं. मी स्वतः पहिली काही वर्षं भरलेल्या वह्या बघून खूश होत होतो.

गणितं अवघड द्यावीत का, उदाहरणं मुलांच्या जगातली घ्यावीत का, असं तू विचारतेस. जरूर घे, पण तेवढ्यानं भागणार नाही. दोन आकडी संख्यांच्या जागी पाच आकडी दिल्या की हात दुखतो, डोकं तिथेच राहतं. आणि शाब्दिक उदाहरणात वर्गातल्या मुलाचं नाव घातलं म्हणून ते उदाहरण त्याचं होत नाही. प्रत्येक मूल वर्गात येताना जगाबद्दलची स्वतःची उत्तरं घेऊन येतं. धडा त्या उत्तरांना भिडला, की तो अवघडही वाटतो आणि आपलाही.

एरिक माझुर हे हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गती यांवरची एक चाचणी दिली. त्यात आकडेमोड नव्हती, रोजच्या भाषेतले साधे प्रश्न होते. तेव्हा वर्गातून विचारणा झाली, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहायचं, की आम्हाला खरं वाटतं तसं? मोठमोठी समीकरणं सोडवणाऱ्या मुलांकडे वहीतलं उत्तर वेगळं होतं आणि मनातलं वेगळं. मला वाटतं, आपलं सगळं काम या दोहोंना एकमेकांसमोर आणण्याचं आहे.

ऋतूंचाच धडा घे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य मुलं न चुकता लिहितात. मनात मात्र पक्कं असतं, की सूर्य जवळ आला की उन्हाळा. धडा सुरू करण्याआधी फळ्यावर दोनच ओळी लिही: जानेवारीत पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, जुलैत सुमारे १५.२ कोटी. आणि विचार, की मग उत्तर गोलार्धात जानेवारीत थंडी का? त्यानंतर बोलू नकोस.

हे न बोलणं फार कठीण असतं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ते ३ सेकंद किंवा जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, कारणं येऊ लागली, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. थांबायचं ते दोनदा, प्रश्नानंतर आणि उत्तरानंतरही. आपण लगेच "बरोबर" म्हणून टाकलं, की बाकीच्यांचा विचार तिथेच संपतो. मी पहिल्यांदा थांबून पाहिलं तेव्हा ते ३ सेकंद संपता संपेनात.

एक चूक सांगतो, अजून मनातून गेलेली नाही. क्षेत्रफळ आणि परिमिती शिकवत होतो. प्रत्येक जोडीला २४ सेंटिमीटरचा दोरा आणि चौकटींचा कागद दिला होता. दोरा तेवढाच, मग आतली जागाही तेवढीच राहील, असं जवळजवळ सगळ्यांचं मत. मग मुलं मांडू लागली: ११ बाय १ मध्ये ११ चौकटी, ८ बाय ४ मध्ये ३२, ६ बाय ६ मध्ये ३६. वर्गात गलका झाला. एका मुलीनं दोरा खोटा आहे की काय म्हणून पट्टीनं पुन्हा मोजला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, गोल केला तर?" तास संपत आला होता. मी म्हणालो, "वर्तुळ पुढच्या इयत्तेत." त्यानं दोरा गुंडाळून ठेवला. वर्षभरात त्यानं मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न मीच विचारला आणि पुढचा सगळा तास त्यालाच दिला. सूत्र कुणालाच येत नव्हतं. मुलांनी दोरा गोल ठेवला, पूर्ण चौकटी मोजल्या, अर्ध्यामुर्ध्या जोडून एक धरल्या. कुणाच्या ४४ आल्या, कुणाच्या ४७. ३६ पेक्षा जास्त, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. खरं उत्तर ४५.८ च्या आसपास आहे, ते पुढे सूत्र शिकताना त्यांना कळलं असेल. पण ते सूत्र त्यांना हवंसं वाटलं असणार, एवढं नक्की.

असा प्रश्न टाकलास की आधी प्रत्येकाकडून उत्तर लिहून घे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायला सांग, मग पुन्हा लिहू दे. माझुर यांनी पुढे हीच पद्धत रुजवली. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं तर प्रश्न सोपा होता, पुढे जा. फारच थोड्यांचं आलं तर चर्चेत अर्थ नाही, आधी पाया घाल. वर्ग साधारण निम्मा-निम्मा विभागला गेला तर मात्र घाई करू नकोस. मागे पडणाऱ्या मुलांसाठी वेगळा, सोपा प्रश्न काढू नकोस. प्रश्न तोच ठेव, हातात दोरा आणि चौकटी दे.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. फक्त धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लाव. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं मात्र आठवून पाहणारे. म्हणून तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यावरचे दोन-तीन प्रश्न घे. त्यांना गुण देऊ नकोस.

अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार, ही तुझी धास्ती खरी आहे. रोज असा तास घेता येत नाही, मलाही कधी जमलं नाही. एका प्रकरणात एकच प्रश्न असा निवड, ज्याचं चुकीचं उत्तर मुलांना अगदी खरं वाटतं, आणि त्यासाठी सोडवून द्यायची चार-पाच सारखी गणितं सरळ गाळ. चाचणीतही तसा एखादा प्रश्न असू दे. परीक्षेत फक्त व्याख्याच येतात, हे मुलं दुसऱ्याच महिन्यात ओळखतात.

सध्या कोणतं प्रकरण चालू आहे ते कळव. आणि ते सुरू करण्याआधी मुलांकडून एका कागदावर "मला काय वाटतं" एवढंच लिहून घे, नाव न घालता. ते कागद तपासू नकोस, तसेच मला पाठव. कुठला प्रश्न घ्यायचा ते आपण दोघं मिळून ठरवू.

तुझा,
सर