विचारा सिस्टरना: हॉस्पिटल सरकारी, मग चॅरिटी कशाला?

प्रश्न: सिस्टर, नमस्कार. माझी भाची लंडनला सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. २०२० च्या कोविडमध्ये फोनवर सांगायची की हॉस्पिटलच्या चॅरिटीकडून जेवण येतं, हाताला लावायचं क्रीम येतं, बसायला वेगळी खोली केलीय. तिकडे सगळं सरकारी ना, मग चॅरिटी कशाला लागते? आणि त्या कॅप्टन टॉम आजोबांनी जमवलेले पैसे घरच्यांनीच खाल्ले असं ऐकलं, खरंय का? आमच्या बचत गटाला इथल्या ग्रामीण रुग्णालयासाठी काहीतरी करायचंय म्हणून विचारते.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, भाची सांगत होती ते खरंय. एनएचएस म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, ती १९४८ पासून सरकारी पैशावर चालते, पगार, औषधं, मास्क, पीपीई किट हे सरकारचं काम. पण बऱ्याच हॉस्पिटलांना जोडून एक चॅरिटी असते, अशा दोनशेच्या वर आहेत आणि त्यांची मिळून एनएचएस चॅरिटीज टुगेदर ही संस्था. चॅरिटीचा पैसा सरकार देतं त्याच्या वरच्या गोष्टींसाठी, सरकारचं बिल भरायला नाही.

आता वरच्या गोष्टी म्हणजे काय ते सांगते, कारण मी स्वतः किट घालून वॉर्डात उभी राहिलेय. एकदा किट चढवलं की पाणी नाही, बाथरूम नाही, नाकावर मास्कचे वळ, हात धुऊन धुऊन सोललेले, म्हणून ते क्रीम. मार्च २०२० मध्ये तिकडे लोकांनी घाबरून सुपरमार्केटं रिकामी केली, नर्स लांबलचक ड्युटी संपवून दुकानात जायची तर शेल्फावर काहीच नाही, अशा वेळी वॉर्डापर्यंत गरम जेवण येणं ही छोटी गोष्ट नाही हो. काही हॉस्पिटलांत त्या खोलीला वॉबल रूम म्हणायचे, म्हणजे धीर सुटला, रडू आलं की दहा मिनिटं दार लावून बसायचं. आमच्याकडे तसलं काही नव्हतं, आम्ही लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडायचो आणि तोंड धुऊन परत वॉर्डात. तिकडच्या चॅरिटींनी टॅब्लेटही दिले, पेशंटला घरच्यांशी व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून. काउन्सेलिंगवरही खर्च केला, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण लाट ओसरली तरी झोप लगेच परत येत नाही.

कॅप्टन टॉम मूर यांचं म्हणाल तर दोन गोष्टींची गल्लत होतेय. ९९ वर्षांचे आजोबा, एप्रिल २०२० मध्ये वॉकर धरून घराच्या अंगणात शंभर फेऱ्या मारल्या, ठरवले होते हजार पौंड आणि जमले ३ कोटी २० लाखांच्या वर. ते पैसे एनएचएस चॅरिटीज टुगेदरकडे गेले आणि तिथून देशभरच्या हॉस्पिटल चॅरिटीजकडे. नंतर त्यांच्या नावाने निघालेलं फाउंडेशन वेगळं, त्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या चॅरिटी कमिशनने, म्हणजे चॅरिटींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, घरच्यांवर गैरकारभाराचा ठपका ठेवला. आजोबांच्या फेऱ्यांचे पैसे त्यातले नव्हेत.

आपल्याकडेही झालं की असं. मुंबईत टाटांच्या ताज हॉटेलांनी डॉक्टर-नर्सना राहायला खोल्या दिल्या. घरी लहान लेकरू किंवा म्हातारी सासू असेल तर वेगळी खोली म्हणजे केवढा आधार, ते आम्हालाच माहीत.

तुमच्या गटासाठी एकच सांगते, सत्कार, शाल-नारळ नको. एखाद्या रात्री अकराला जा आणि नाइटच्या सिस्टरना विचारा काय हवंय. झाडूवाल्या मावशी, वॉर्डबॉय, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, आशाताई यांनाही विचारा, त्यांना कुणी विचारतच नाही. बहुतेक उत्तर येईल पाण्याचा फिल्टर, कुलूप लागणारं लॉकर, पाठ टेकायला एक कॉट, बाथरूमची कडी. मास्क-ग्लोव्हज संपलेत असं कळलं तर ते मात्र विकत घेऊन देऊ नका, अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, ते सरकारनेच पुरवायचं. बाकी वस्तू रुग्ण कल्याण समितीमार्फत द्या, पावती घ्या, आणि तीन महिन्यांनी परत एकदा रात्री जाऊन बघा की कॉट स्टाफच्या खोलीतच आहे ना.