शेवगा एक, पोयांची घरं दोन

प्रश्न : ताई, तासगावजवळ आमचं जुनं दगडी घर आहे. सोप्याच्या भिंतीत पोयाच्या, म्हणजे बिनडंखाच्या बारक्या मधमाश्यांची दोन घरं आहेत, मधे जेमतेम चार हात अंतर. दोन्हीकडच्या माश्या परसातल्या त्याच शेवग्यावर जातात, पण भांडताना कधी दिसल्या नाहीत. पोरानं मोबाईलवर दाखवलं की ब्राझीलमधे एकाच जंगलात अशा बिनडंखाच्या माश्यांच्या कितीतरी जाती नांदतात. मग परागाची वाटणी कोण करतं?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : दादा, वाटणीला तलाठी माणसांनाच लागतो! इथं जिला जे जमतं ते ती गोळा करते, एवढंच.

तुमच्या दोन्ही घरातल्या माश्या बहुतेक एकाच जातीच्या असणार, आणि शेवगा असा भरभरून फुलतो की भांडायला कारणच उरत नाही. ब्राझीलमधेही तसंच, एखादं मोठं झाड फुललं की वेगवेगळ्या जातींच्या घरट्यात त्याच झाडाचे पराग सापडतात. खरा फरक कळतो तो फुलं कमी असली की, आणि तिथं अंगाची ठेवण कामाला येते.

वांग्याचं फूल घ्या. त्याच्या पुंकेसराला टोकाशी बारीक भोक असतं, पराग आत कोंडलेले. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तो गुंईऽऽ आवाज तुम्ही ऐकला असेल, आणि मिठाची डबी हलवावी तसे पराग बाहेर पडतात. आपल्या पोयाला हे जमत नाही, सातेरी मधमाशीलाही नाही. पण ब्राझीलच्या मेलिपोना नावाच्या बिनडंखाच्या माश्यांना जमतं, त्यामुळं अशी फुलं त्यांच्या वाट्याला जास्त येतात. शिवाय अंगानं थोराड असल्यामुळं त्यांच्यातल्या काही अगदी तांबडं फुटताच बाहेर पडतात. आपली पोया तीन-चार मिलिमीटरची, थंडीत भिंतीवर उन्हं आल्याशिवाय भोकातून डोकं काढत नाही, आणि उडून उडून जाणार काही शे मीटर.

सगळ्याच शहाण्या असतात असंही नाही हां. तिकडं ट्रायगोना स्पिनिपेस नावाची जात आहे, लोक तिला चक्क ‘कुत्रा-माशी’ म्हणतात. मेलिपोनानं चांगल्या फुलावर वासाची खूण ठेवली की ही तोच वास काढत येते, मागं सगळी गँग, आणि आधीच्या माशीला हुसकावून लावते. वर थरथरवायचं जमत नाही म्हणून पुंकेसर कुरतडून पराग काढते ते वेगळंच. मग बुजऱ्या जाती गुपचूप एकेकट्या दुसरीकडं विखुरलेल्या फुलांवर फिरतात.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर सकाळी नऊच्या सुमाराला खुर्ची टाकून भिंतीपाशी बसा. परतणाऱ्या माशीच्या मागच्या पायावर परागाचा गोळा असतो, मोहरीएवढापण नसतो तो, पण रंग कळतो. सूर्यफुलाचा गर्द पिवळा-केशरी, मक्याचा फिकट. एका भोकाशी एक रंग जास्त दिसला आणि दुसऱ्याशी दुसरा, तर समजा की त्या वेळेला दोन्ही घरांनी वेगवेगळं फूल धरलंय. आणि एक एक माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं करते म्हणून गोळा एकरंगी असतो. कुंडीत चिनी गुलाब लावला असेल तर तिथंही बघा, ऊन चढलं की फूल उघडतं आणि पोया हजर!

सगळ्यात मोठं भांडण बघायचंच असेल तर ते फुलावर नाही, घरावरून होतं. ऑस्ट्रेलियात आपल्या पोयाच्याच भावकीतल्या दोन जाती एकमेकींची घरटी बळकवायला जातात, तेव्हा माश्या जबड्यांनी एकमेकींना धरून जोडीनं खाली पडतात आणि तशाच मरतात, जमिनीवर सडाच पडतो. घर त्यांना एवढं मोलाचं, त्यामुळं सोप्याला सिमेंटचा गिलावा करायचा विचार असेल तर ती दोन्ही भोकं तेवढी सोडून करा.