सईचा दादा ९९

प्रश्न : माझ्या मुलाने समाजमाध्यमांवर स्वतःचे नाव सोडून 'सईचा दादा ९९' असे नाव घेतले आहे. सई ही त्याची धाकटी बहीण. हा पोरकटपणा समजावा काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पोरकटपणा म्हणायचा, तर विष्णु वामन शिरवाडकरांनाही बोल लावावा लागेल; कारण धाकट्या बहिणीच्या, म्हणजे कुसुमच्या, नात्याने ते 'कुसुमाग्रज' झाले, आणि त्यांच्याही आधी राम गणेश गडकऱ्यांनी धाकट्या भावावरून 'गोविंदाग्रज' हे नाव घेतले होते. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले ते वडिलांच्या नावावरून. स्वतःला लपवतानाही आपण कोणाचे आहोत हे सांगून टाकण्याची ही खोड आपल्याकडे जुनीच आहे, आणि मला तरी ती गोड वाटते. अंकाचे कारण बहुधा साधे असते : बऱ्याच ठिकाणी एक नाव एकालाच मिळते, त्यामुळे हवे ते आधीच कोणी घेतले असेल, तर मागे शेपूट जोडावे लागते. ते शेपूट जन्मवर्षाचे असेल, तर मात्र बदलायला सांगा. पासवर्डचा अंदाज बांधू पाहणाऱ्याला असा तपशील आयताच मिळतो. 'दादा' राहू द्यावा.