द्वेषाचं चिन्ह किंवा शिवी कालांतराने निरुपद्रवी होऊ शकते का?

होऊ शकते, आणि उलटही होतं. कोण वापरतंय आणि कोणावर, यावर बरंच ठरतं.

स्वस्तिकाचंच बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतही ते शुभ मानलं जाई. अमेरिकी सैन्याच्या ४५व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या बिल्ल्यावर चक्क पिवळं स्वस्तिक होतं! नाझी पक्षाने १९२० मध्ये ते झेंड्यावर घेतलं. १९३९ मध्ये या डिव्हिजनने ते काढून थंडरबर्ड पक्षी आणला. हिंदू, बौद्ध, जैनांसाठी मात्र अर्थ तसाच राहिला. त्यामुळे 'खरा अर्थ कोणता' हा वाद मला निरर्थक वाटतो.

उलटा प्रवास गुलाबी त्रिकोणाचा. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर तो लावला जाई. १९७०च्या दशकात समलिंगी हक्कांच्या चळवळीने तोच मुद्दाम मिरवायला घेतला. (बाहेरच्याने हिणवायला वापरला तर आजही बोचेल.)

शब्दांचं म्हणाल तर 'इडियट', 'मोरॉन' हे एकेकाळी बौद्धिक अपंगत्वाच्या डॉक्टरी वर्गीकरणातले शब्द होते. त्यांच्या शिव्या झाल्यावर 'मेंटली रिटार्डेड' रुळला. त्याचीही शिवी झाली, आणि २०१० मध्ये अमेरिकेला तो केंद्रीय आरोग्य व शिक्षण कायद्यांतून काढावा लागला.